मावशीची इतिहासाची दोरी

बुरहानपूरच्या शनवाऱ्यातल्या सुलोचना मावशीच्या दारावर एक पाटी आहे. निळा पत्रा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सुलोचना दगडू बोंडे'. नाव सगळं डावीकडे सरकलेलं आणि उजवीकडे वीतभर पत्रा कोरा. नवा माणूस हमखास म्हणतो की पेंटरचा अंदाज चुकला. पण तो चुकला नव्हता. मावशी त्याच्या डोक्यावर उभी राहून सांगत होती, "इकडे जागा सोड बाप्पा. बी.ए. येणार हाये तिथे."

"कोण झालं बीए, काकी?"

"अजून कोणीच नाही. पण जागा तर लागीन नं."

ती जागा अजून कोरीच आहे, आणि ती कोरी राहण्यात माझा हात आहे. मावशीची आठवण निघाली की मी तिच्या गमती सांगते, ऐकणारे हसतात, मीही हसते आणि एवढा भाग गाळून पुढे जाते. गाळून पुढे जायची मला जुनी सवय आहे.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. ती माझ्या आईच्या माहेरची, जसोंडीची. दोघी एका गल्लीतल्या, म्हणून मावशी. आमचं घर निंबोल्याला. मी बुरहानपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा रोज येण्याजाण्यात जीव जाईल म्हणून आईनं मावशीला विचारलं. मावशी तेव्हा नुकतीच रिटायर झाली होती. मुलींच्या एका शाळेत तीस वर्षं 'भृत्य' होती. आमच्याकडे शिपायाला सरकारी कागदावर भृत्य म्हणतात. नवरा फार पूर्वी गेलेला, लेक खंडव्याला दिलेली, घरात ती एकटी. तिनं आईला सांगितलं, "पोरगी राहीन, खाईन, पिईन. बदल्यात रोज मले एक धडा वाचून दाखवीन. बस."

आईला वाटलं पोथीतला अध्याय असेल. तो निघाला बी.ए. प्रथम वर्षाचा इतिहास.

मावशीनं दहावी चाळिशीत केली होती आणि बारावी पंचेचाळिशीत, दोन्ही शाळेच्या स्टोअर रूममध्ये बसून. बी.ए.चं मात्र तिनं रिटायरमेंटच्या समारंभात ठरवलं. तिच्यासोबत दोन शिक्षिका निवृत्त होत होत्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी त्यांची नावं वाचली ती एम.ए., बी.एड.सकट. मावशीचं नाव आलं तेव्हा पुढे काही नव्हतं, मॅडम क्षणभर अडखळल्या आणि "हमारी सुलोचना बाई" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मावशी सांगायची, "त्यायनं प्रेमानंच म्हटलं, माय. पण तो जो खड्डा पडला नं मधात, तो मले आवडला नाही." दुसऱ्या आठवड्यात तिनं स्वाध्यायी, म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षा देणारी, विद्यार्थी म्हणून फॉर्म भरला, आणि त्याच आठवड्यात पाटी रंगवून घेतली.

अडचण एकच होती. शुगरनं तिचे डोळे खाल्ले होते. माणूस दिसायचा, दार दिसायचं, भाकरी दिसायची, छापील ओळ दिसायची नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की आहे ती नजर किती टिकेल ते सांगता येत नाही. म्हणून तिला घाई होती. मोठ्या अक्षरात लिहिणं अजून जमत होतं, तेवढ्यात तिला तीन वर्षं उरकायची होती. तिच्या भाच्यानं एकदा मोबाईलमध्ये वाचून दाखवणारं काहीतरी टाकून दिलं. दोन दिवस तिनं ते ऐकलं आणि बंद केलं. "त्याले थांब म्हटलं तर थांबत नाही, अन् समजलं का म्हणून इचारत नाही."

पहिल्याच दिवशी मी माझा हुशारपणा दाखवला. चार रंगांची स्केचपेनं घेऊन दोघींचं टाईमटेबल बनवलं. पहाटे पाच ते सहा हे, सहा ते सात ते, रविवारी उजळणी, आणि खाली 'माझी ध्येयं' म्हणून अकरा मुद्दे. मावशीनं कागद नाकाशी नेला, दूर धरला, मग म्हणाली, "वाचून दाखव." मी अभिमानानं वाचलं. तिनं अकरा बोटं मोजायचा प्रयत्न केला, दहावर अडली आणि हसायला लागली.

"तुह्या बापाच्या बागेत केळीच्या बुडाशी किती पिलं निघतात?"

"सात-आठ निघतात."

"मंग? ठेवतात सगळी?"

"नाही. कापतात. एकच ठेवतात."

"कायले?"

"घड भरत नाही मग."

"हां. मंग हो उभी विळा घेऊन."

तिनं माझ्याकडून दहा मुद्दे खोडून घेतले. एकच राहिला: रोज एक धडा. दिवसाचं ध्येय हे एवढंच. तेही सकाळी चहाच्या वेळी तोंडानं बोलायचं, "आज अमका धडा." बोललं की ठरलं. संध्याकाळी पाचला वाचायला बसायचं. वेळ मोजायला तिची शाळेची रीत होती. पितळी ताटली आणि पळी तिनं खिडकीत ठेवली होती. टण केलं की तास सुरू. चाळीस मिनिटांनी, घड्याळाकडे न बघता, दुसरं टण. तीस वर्षं घंटा दिल्यामुळे ते तिच्या अंगातच होतं. मी दोन-चारदा मोबाईल लावून पाहिलं, फार तर मिनिटाचा फरक निघायचा.

पुस्तकं हिंदीत. मी हिंदीत वाचायची, मग मराठीत समजवायची, मग ती तेच तिच्या भाषेत मला परत सांगायची. बादशहांची नावं तिला जवळच्या नातेवाइकांसारखी वाटत. "ह्या माणसानं भावाले मारलं नं, तवाच मले याचं काही पटलं नव्हतं." एखाद्या तहाचं कलम ऐकून म्हणायची, "हे तर आमच्या जसोंडीच्या बांधासारखं झालं, उद्या पुन्हा भांडतीन." आणि खरोखर पुढच्या धड्यात ते भांडायचे.

धडा झाल्याची खूण म्हणून टिकमार्क तिला दिसला नसता. त्यासाठी खिडकीच्या गजाला केळीच्या धाग्याच्या दोऱ्या लटकवल्या होत्या. एका पेपरची एक दोरी, एका धड्याची एक गाठ. गाठ मात्र मी मारायची. मी पहिल्यांदा विचारलं, "तूच का नाही मारत?" तर म्हणाली, "मी मारली तर मन मोठं होतं माणसाचं. अर्धं समजलं तरी मारून टाकीन. तू वाचलं, तू मार." झोपण्याआधी ती दोऱ्यांवरून बोटं फिरवायची आणि गाठी मोजायची. माझ्यासाठीही तिनं एक दोरी टांगली होती, बी.एस्सी.ची. तिच्यातल्या गाठी मी मला वाटेल तेव्हा मारत असे. माझ्या दोरीला काही विचारणारं नव्हतं. खोटी गाठ मारायची सवय हाताला तिथेच लागली.

पहिली दोन वर्षं तरी मी प्रामाणिक होते. ती दोन्ही वर्षं ती पास झाली. प्रश्न पर्यवेक्षक वाचून दाखवायचे, उत्तरं ती मोठ्या अक्षरांत लिहायची. परीक्षेला जाताना ती शाळेच्या दिवसांतली निळ्या काठाची साडी नेसायची. पहिल्या पेपरला ती वर्गात शिरली तर सगळी पोरं उभी राहिली. एकानं घाईघाईनं चिठ्ठी तोंडात घातली. मागे बसलेल्या एका मुलानं हळूच विचारलं, "मॅडम, पानी पी सकते हैं?" मावशी म्हणाली, "पी बेटा, लेकिन बाटली मेरे बेंच पे मत रख." तासाभरानं पर्यवेक्षक कुणाला तरी पुरवणी द्यायला उठू लागले, तर ही आपला पेपर बाजूला ठेवून उठली आणि जाऊन देऊन आली. सवयच ती. घरी येऊन हे सांगताना ती स्वतःच एवढी हसली की चहा सांडला.

तिसऱ्या वर्षी माझ्या मैत्रिणीकडे स्कूटी आली.

मैत्रिणीचं नाव पूजा. पाच वाजता ती खाली येऊन हॉर्न वाजवायची. मग आम्ही राजघाटावर जायचो, ताप्तीच्या पायऱ्यांवर बसायचो, रील बनवायचो, एका प्लेटमध्ये दोघी मावा जलेबी खायचो. यात काही वाईट नव्हतं. मी मावशीला "आज सहाला बसू" म्हटलं असतं तर तिनं हो म्हटलं असतं. पण सकाळी तोंडानं बोललेलं बदलायला मला लाज वाटायची. त्यापेक्षा धडा लहान करणं सोपं होतं.

पहिल्यांदा दोन पानं सोडली. काही झालं नाही. पुढे सुरुवातीची तीन पानं आणि शेवटचं एक, एवढंच वाचून गाठ मारू लागले. मधली पानं उलटताना आवाज होऊ नये म्हणून दोन पानं बोटात एकदम धरायची. दिसत नसलं तरी मावशी पुस्तकाकडे बघत बसायची. दुसरं टण करायच्या आधीच मी पुस्तक मिटलं हे पाहून ती एकदा गोंधळली.

"झाला? एवढासाच धडा?"

"हो मावशी. छोटाच आहे."

"बरं बाई. बादशहा थकला असंन."

असे पाच धडे झाले. पाचही मला नावानिशी आठवतात. त्यातला एक मुघल काळातल्या व्यापाराचा आणि शहरांचा होता. त्या दिवशी खाली हॉर्न दोनदा वाजला होता आणि वरून "पूजा, रुक ना यार, आ रही हूँ दो मिनिट में" असं मी ओरडलेही होते. धडा आटोपताना मावशी म्हणाली, "यात सुरत आली, आग्रा आला. आपल्या गावाचं काही नाही का वं? आपलं गाव तर तवा मोठं होतं म्हणतात."

माझ्या बोटांत धरलेल्या पानांत होतं का नव्हतं, ते मला ठाऊक नव्हतं. बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"नाही मावशी. आपल्या गावाचं काही नाही."

"नवलच हाये," ती म्हणाली. मी गाठ मारली आणि चप्पल घालत जिना उतरले.

इतिहासाची दोरी परीक्षेच्या महिनाभर आधी पुरी झाली. मावशीनं ती गजावरून सोडली, मांडीवर घेतली आणि सगळ्या गाठी पहिल्यापासून मोजल्या. मग पदर सारखा करून भिंतीच्या आधारानं जिना उतरली, एकटीच चौकापर्यंत गेली आणि गरम मावा जलेबी घेऊन आली. तिला खायची मनाई होती. तिनं मला समोर बसवून आपल्या हातानं एक-एक तुकडा भरवला आणि स्वतः बोटांचा नुसता वास घेतला. "पुरी केली माय तू माही दोरी," म्हणाली. मी ती जलेबी खाल्ली. सगळी खाल्ली. घास घशाखाली उतरला नाही वगैरे लिहिलं तर ते खोटं होईल. चांगली लागली होती.

निकाल लागला तेव्हा मी इंदूरला होते. मावशीचा फोन आला. सगळे विषय निघाले होते, इतिहासात ती राहिली होती. थोडक्यातच राहिली होती.

"आपल्या गावाचाच सवाल आला होता, माय. मुगलांच्या टायमाले बुरहानपूरचा व्यापार, मोठा सवाल. आता तू म्हटलं होतं पुस्तकात नाही, तं मी मनानंच लिव्हलं. कुंडी भंडाऱ्याचं, त्या जुन्या कुंड्यायचं पाणी लिव्हलं, शनवारा दरवाजा लिव्हला, मागांचा खडखडाट लिव्हला. चार पानं लिव्हली. मार्क नाही देले त्यायनं."

तेव्हा बोलता आलं असतं. फोनवर तर तोंडही दिसत नाही. मी म्हटलं, "सिलॅबसच्या बाहेरचा टाकला असेल मावशी."

"तसंच असंन," ती म्हणाली. "सप्लीमेंट्री देतो मी. दोरी तर पुरी हाये, नुस्ती उजळणी पाह्यजे."

सप्लीमेंट्रीच्या आठ दिवस आधी तिच्या एका डोळ्यात रक्त उतरलं आणि ती परीक्षा राहून गेली. दुसराही काही महिन्यांत गेला. लिहिण्यापुरती उरलेली नजर तिनं जपून जपून ज्या परीक्षेपर्यंत आणली होती, ती परीक्षा तिनं दिली होती, आणि त्या परीक्षेत मी तिला पाडलं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. आईनं फोनवर सांगितलं, "बिचारीचं नशीब." मी हो म्हटलं.

नंतर मी मावशीचे फोन टाळू लागले. उचलला तरी "मीटिंगमध्ये आहे" म्हणायचे. आणि मी काय करत होते? इंदूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मुलांना स्टडी प्लॅन बनवून देत होते. अजूनही तेच करते. कॉलेजची पोरं अकरा-अकरा ध्येयं लिहून आणतात, मी त्यांना केळीची पिलं आणि घड सांगते आणि दहा खोडायला लावते. पोरं खूश होतात. एकीनं विचारलं, "मॅम, ये आपने कहाँ पढ़ा?" मी म्हटलं, "बस, अपना एक्सपीरियन्स है." मावशीचं नाव घेतलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

अशी तीन वर्षं गेली. यंदा निंबोल्याला आले होते. परतीची बस बुरहानपूरहून दुपारी चारची होती. हातात दोन तास होते. आज सांगून टाकायचं असं ठरवून शनवाऱ्यात गेले. दाराशी पाटी तशीच, उजवीकडे कोरी.

मावशी खिडकीशी बसली होती. निम्मी झाली होती. माझ्या पायांच्या आवाजावरून म्हणाली, "निंबोल्याची दिसती." मी पाया पडले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, वाळली म्हणाली, जेवली का म्हणाली. फोन का उचलत नाहीस, हे तिनं विचारलं नाही. त्याची उत्तरं मी वाटेत तयार केली होती, ती तशीच राहिली. आणि जे सांगायला आले होते तेही ओठांवर येईना.

फळीवर इतिहासाचं पुस्तक होतं. गजाला दोऱ्या होत्या. मी घाबरटासारखी म्हटलं, "मावशी, वेळ आहे थोडा. उजळणी करायची का? एखादा धडा वाचते."

तिचा चेहरा उजळला. "वाच नं. लय दिवस झाले." तिनं चाचपून पळी शोधली आणि ताटलीवर टण केलं.

मी तो व्यापाराचा धडा काढला. या वेळी एकही ओळ सोडली नाही. सुरत झाली, आग्रा झाला, मग ती पानं आली. बुरहानपूर होतं. अडीच पानं होतं. तलम कापड, जरीचं काम, ताप्तीच्या काठावरून जाणारे तांडे, दूर देशी जाणारी गाठोडी, गावाला पाणी पुरवणाऱ्या कुंड्या. मावशीनं लिहिलेलं पाणीसुद्धा त्यात होतं. मी वाचत राहिले. मावशी अजिबात हलली नाही. दुसरं टण करायला तिनं पळी उचलली, धडा अजून संपला नाही हे ऐकलं आणि न वाजवता पळी खाली ठेवली.

धडा संपला. तिनं हात पुढे करून पुस्तकाची पानं चाचपली. मग म्हणाली,

"तीन वर्सात धडा वाढला का वं?"

मी रडायला लागले. "नाही मावशी. धडा तेवढाच होता. मीच कमी वाचला होता. खाली पूजा हॉर्न देत होती."

"हं."

तिनं हात लांब करून इतिहासाची दोरी गजावरून काढली. पहिल्यापासून मोजत त्या गाठीपाशी आली आणि नखांनी ती सोडू लागली. तीन वर्षांत गाठ आवळली होती. मी "दे, मी सोडते" म्हटलं, तिनं दिली नाही. सुटली तेव्हा दोरीचा तो भाग माझ्यासमोर धरला.

"मार आता."

मी मारली. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिली.

"असे अजून किती हायेत?"

"चार."

"मंग बस. गाडी जाऊ दे."

आणि तिनं टण केलं.

त्या दिवशी मी आणखी तीन धडे वाचले. चौथ्याच्या मध्यात माझा घसा बसला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर पुरा केला. प्रत्येक वेळी आधी तिनं जुनी गाठ स्वतः सोडली, मग मला नवी मारायला दिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही, कारण तिनं नाही म्हटलं असतं तर ते बरोबरच झालं असतं, आणि हो म्हटलं असतं तर मला परवडलं नसतं. निघताना एवढंच विचारलं तिनं, "आंधळ्याले लिव्हायले माणूस देतात म्हणे परीक्षेत. खरं हाये?" मी हो म्हटलं, फॉर्म मी भरते म्हटलं. "आधी इचारून घे नीट," ती म्हणाली. "अर्धवट नको सांगू."

रिक्षात बसल्यावर मागे वळून पाहिलं. मावशी भिंतीला धरून जिना उतरून खालच्या दाराबाहेर आली होती आणि पदरानं पाटी पुसत होती. नाव पुसून झालं, तरी हात थांबला नाही. उजवीकडची कोरी वीतही तिनं कडेपर्यंत पुसून काढली.